गाढ झोपेचा जिवंत साठा

काल रात्री आपल्याला झोप कशी लागली हे ज्याला सकाळी मनगटाकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, असा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत एकच आहे आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही दोघंही नागभीडचे, दोघंही निवृत्त, आणि दोघांच्या घरांमध्ये अंतर दोन गल्ल्यांचं. म्हणजे माझ्या दृष्टीने दोन गल्ल्या. साडभाऊंच्या दृष्टीने जाताना चारशे बारा पावलं आणि येताना चारशे नऊ. ही तीन पावलं वाटेत कुठे गळतात, याचा तपास त्यांनी दोनदा केला आणि दोन्ही वेळा मला सोबत नेलं. रस्त्यात कुणी साधं "बरं हाये ना भाऊ?" म्हणून विचारलं, तरी आधी त्यांचं मनगट वर जातं, मग चष्मा खाली येतो, आणि मग पुरेसा विचार करून उत्तर मिळतं, "बरा दिसतो."

ही सवय त्यांना घड्याळाने लावली असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. घड्याळाचा काही दोष नाही. साडभाऊ पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. तलावात रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि महिना संपला की अहवाल वर पाठवायचा, हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षं न चुकता केलं. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला, पण वाचायला पट्टी कुणी दिली नाही. पुढची दोन वर्षं त्या माणसाने फार वाईट काढली. गच्चीवरच्या टाकीत काठी घालून बघायचे, गॅसचं सिलिंडर हलवून बघायचे, रोज दुपारी लोणच्याच्या बरणीत खार कुठवर उतरला ते बघायचे. मग एका दिवाळीला पुण्याहून थोरली मुलगी आली आणि तिने बापाच्या मनगटावर ते काळं चौकोनी घड्याळ बांधलं. "बाबा, हे तुमची पावलं मोजते, छातीचे ठोके मोजते, अन झोपबी मोजते." साडभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत मी तेव्हा जे पाहिलं, ते भरलेल्या तलावाकडे पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असतं. त्यांना मोजायला नवा तलाव मिळाला होता. तलावाचं नाव साडभाऊ.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता त्यांच्या समोरच्या खोलीत आढावा बैठक भरते. बैठकीला सभासद तीन. मी, कारण मी साडभाऊ. त्यांचा शेजारी, कारण तो रेल्वेतून निवृत्त झाला आहे आणि बैठकीत पोहे मिळतात. आणि तिसऱ्या त्यांच्या पत्नी, ज्यांना मी बाई म्हणतो आणि ज्या स्वयंपाकघरातून ऐकतात. आधी हजेरीवर सह्या होतात. मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम केलं जातं. मग साडभाऊ भिंतीवरच्या आलेखाच्या कागदासमोर फूटपट्टी घेऊन उभे राहतात. पावलं निळ्या शाईत, ठोके लाल शाईत, झोप हिरव्या शाईत. भाषा सगळी तलावाची. गाढ झोप म्हणजे जिवंत साठा. हलकी झोप म्हणजे मृत साठा. "मृत साठा दिसते, मास्तर, पन कामी येत नाई," असं ते मला दर महिन्याला समजावतात. दुपारची डुलकी म्हणजे अवकाळी आवक. मी शाळेत भूगोल शिकवत होतो, त्यामुळे हे सगळं मला समजतं असा त्यांचा समज आहे.

त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. एकदा ते स्कूटरवरून बाहेरगावी जाऊन आले, तर घड्याळाने बसल्याबसल्या साडेतीन हजार पावलं जमा केलेली. रस्त्याचं नाव मी सांगत नाही, आमच्याकडचा कुठलाही धरा. दुसरा कुणी असता तर खूश होऊन गप्प बसला असता. साडभाऊंनी वहीत "खड्डे वजा" असा नवा रकाना आखला आणि साडेतीन हजार पावलं परत केली. एका लग्नात मात्र दिवसाचा कोटा भरला नव्हता म्हणून हातात ताट घेऊन ते मांडवाला फेऱ्या घालत जेवले. वरबाप बिचारा पाहुणा रुसला समजून समजूत काढायला मागे मागे फिरला, आणि त्यालाही त्या दिवशी बऱ्यापैकी चालणं झालं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांना वाटलं की, हे यंत्र इतरांनाही लागू करून पाहावं. बांधावर जाऊन त्यांनी रोवणी करणाऱ्या एका बाईच्या मनगटाला घड्याळ बांधलं आणि स्वतः छत्री उघडून बसले. ती बाई सकाळपासून कमरेत वाकून, चिखलातून एकेक पाऊल मागे सरत, मुठीतलं एकेक रोप खोचत होती. अर्ध्या तासाने घड्याळ थरथरलं. तिने हात वर करून विचारलं, "का म्हनते भाऊ हे?" साडभाऊंनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा आवाज जरा खाली गेला. "बराच वेळ बसून हाय म्हनते. उठा, थोडं हाला-डुला म्हनते." रांगेतल्या सगळ्या बाया कंबर धरून हसल्या. ती म्हणाली, "हे घड्याळ कोन्या गावचं व्हय? मी इथी वाकून वाकून मरून राह्यली, न हे मले बसली म्हनते! काढून घ्या बापा, नाई तं मालक माही मजुरी कापन." साडभाऊंनी घड्याळ काढून धुतलं. त्या महिन्याच्या इतिवृत्तात एवढीच नोंद आहे, "प्रयोग स्थगित."

पण या साऱ्यात एक बाब अशी होती की जी वर्षभर सुटली नाही, आणि तीच पुढे सगळ्याच्या मुळाशी निघाली. साडभाऊंना रात्री जाग यायची. एकदा-दोनदा नव्हे, सात-आठ वेळा, कधी दहा वेळा. त्यांना स्वतःला त्यातली एकही आठवत नसे. ते म्हणत, मी तर रात्रभर ओंडक्यासारखा पडलेला असतो. पण घड्याळ म्हणे, नाही, तुम्ही हलला होता, कूस बदलली होती, जागे झाला होता. जिवंत साठ्याला गळती लागली होती आणि गळतीचं ठिकाण सापडत नव्हतं. कालवा निरीक्षकाला याहून मोठा अपमान नाही.

पहिला संशय रेल्वेवर गेला. नागभीड जंक्शन असल्यामुळे तसं होणं साहजिक होतं. पण शेजाऱ्याने गाड्यांच्या वेळा आणून दिल्या आणि दहापैकी एकच जाग मालगाडीशी जुळली. दुसरा संशय त्याच शेजाऱ्याच्या कोंबड्यावर. हा कोंबडा अवेळी आरवतो अशी लेखी तक्रार साडभाऊंनी भिंतीवरून हातोहात दिली. शेजारी भला माणूस. त्याने दोन दिवस विचार केला आणि रविवारी एक वाडगाभर रस्सा भिंतीवरून परत हातोहात दिला. साडभाऊंनी तो खाल्ला, वाखाणला, आणि एक तारखेला आलेख काढला तर रात्री जाग येणं पूर्वीइतकंच. "म्हणजे कोंबडा निर्दोष होता," साडभाऊ म्हणाले. "मंग भाऊ, आता कोनाचं नाव घेता?" शेजाऱ्याने विचारलं. त्याच्याकडे अजून दोन कोंबड्या होत्या. साडभाऊंनी त्यानंतर तीन महिने कोंबडी खाल्ली नाही. प्रायश्चित्त म्हणून असावं.

तिसरा संशय बाईंच्या बांगड्यांवर गेला, आणि इथे साडभाऊंनी कमाल केली. त्यांनी आपल्या बायकोला कागदावर लिहून विचारलं: "सदर कालावधीत रात्रीच्या वेळी आपल्या बांगड्यांचा आवाज होऊन निद्रेस बाधा पोहोचते किंवा कसे, याचा खुलासा तीन दिवसांत करावा." बाईंनी तो कागद वाचला. मी समोरच बसलो होतो. त्या काहीतरी बोलतील असं मला वाटलं, कारण ओठ हलले होते. पण त्यांनी कागदाची घडी करून ती डळमळणाऱ्या पोळपाटाच्या पायाखाली सरकवली आणि पोळी लाटायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्या रात्री बांगड्या काढून ठेवू लागल्या. जाग यायची ती येतच राहिली. मी तेव्हा समजलो की बाई हसू दाबताहेत. माणूस चाळीस वर्षं मुलांना शिकवतो आणि समोरच्याचा चेहरा त्याला वाचता येत नाही.

मग श्रावणात धाकट्या मुलीचा निरोप आला. ती भामरागडच्या पलीकडच्या एका गावात शाळेत शिकवते. तिचा पाय मोडला होता, जावई नोकरीवर दुसरीकडे, आणि पोरगी दोन वर्षांची. बाई आठ दिवसांसाठी जायला निघाल्या. निघण्याआधी दोन दिवस त्या शिवणयंत्रावर बसून साडभाऊंच्या सगळ्या बनियनांना काहीतरी करत होत्या. त्या गेल्यावर साडभाऊंना कळलं की, प्रत्येक बनियनच्या पाठीवर मधोमध चिंध्यांची एक घट्ट गाठ, लिंबाएवढी, पक्के टाके घालून शिवली आहे. उताणं पडलं की ती टोचायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कात्री घेऊन सगळ्या गाठी कापल्या आणि वहीत लिहिलं, "बनियनमध्ये अज्ञात वस्तू आढळल्या. काढून टाकण्यात आल्या."

आठ दिवस झाले आणि पर्लकोटा नदीला पूर आला. पूल पाण्याखाली, रस्ता बंद, टॉवर बंद. दर पावसाळ्यात होतं तसंच, पण या वेळी पाणी उतरायचं आणि पुन्हा चढायचं. बाई अडकल्या त्या अडकल्याच. आणि इकडे नागभीडला, त्या गेल्यापासूनच, चमत्कार झाला होता. साडभाऊंना रात्री जाग येणं थांबलं. दहा वेळांवरून चार, चारवरून एक, आणि मग रोज शून्य. हिरवी रेघ आलेखाच्या कागदाबाहेर जायला लागली, तेव्हा त्यांनी वर आणखी एक कागद चिकटवला.

एक तारखेची ती बैठक मी विसरणार नाही. पोह्यांबरोबर पेढे होते. साडभाऊ नवा सदरा घालून उभे होते, आणि डोळे लाल, चेहरा सुजलेला, जणू कुणी त्यांना आठवडाभर झोपू दिलं नव्हतं. "डोस्कं जरा ठनकून राह्यलं सकाळपासून," ते म्हणाले, "पण ते सोडा. आकडे पाहा." फूटपट्टी हिरव्या रेघेवर टेकवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "मागील महिन्याच्या तुलनेत जिवंत साठ्यात विक्रमी..." आणि एवढ्यावर ते थांबले. आम्हाला वाटलं, भावना अनावर झाल्या. पण ते उभ्या उभ्या झोपले होते. फूटपट्टी कागदावरून घसरत खाली आली आणि पडली, तेव्हा दचकून म्हणाले, "...वाढ." शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्याकडे पाहिलं. त्या वेळी मला हसू आलं होतं, हे आता कबूल करायला हवं.

तीन दिवसांनी भर दुपारी ते स्कूटरसकट धानाच्या बांधीत गेले. रस्ता सरळ, समोर गाडी नाही, कुत्रं नाही. स्कूटर आपली रस्ता सोडून निघाली आणि कंबरभर धानात जाऊन पडली. मी पोहोचलो तेव्हा निंदणाऱ्या बायांनी त्यांना बाहेर काढून बांधावर बसवलं होतं. कोपर फुटलं होतं, अंगभर चिखल. मनगटावरचं घड्याळ उजळलं होतं आणि विचारत होतं, तुम्ही पोहत आहात असं दिसतं, व्यायाम नोंदवू का? "काय झालं भाऊ?" मी विचारलं. माझ्याकडे पाहून, अगदी लहान आवाजात ते म्हणाले, "मास्तर, मले काई आठवत नाई."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पाणी उतरताच मिळेल त्या गाडीने, पाय चिखलाने भरलेले, हातात पिशवी. मी आणि शेजारी साडभाऊंना बघायला आलोच होतो. बाईंनी कोपराची पट्टी पाहिली, काय झालं ते ऐकलं. आणि साडभाऊंनी, ज्यांना कधी काय बोलावं हे कधीच कळलं नाही, भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "ते सोड. हे पाह्य आधी. तू गेली न जाग येनं बंद. शून्य! म्हणजे कारण तूच होती. उगाच त्या कोंबड्याचा जीव घेतला आपन."

बाई आलेखाजवळ गेल्या नाहीत. पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बनियनच्या गाठी?"

"कापल्या. टोचत होत्या."

"चितच झोपत होते?"

"हो. मस्त."

"न सकाळी डोस्कं दुखते?"

साडभाऊंचं भिंतीकडे दाखवलेलं बोट खाली आलं. बाई तिथेच खाली, जमिनीवर बसल्या. "तुमचा श्वास थांबते," त्या म्हणाल्या. "चित झोपले का घोरता, घोरता घोरता एकदम बंद. काईच नाई. मंग मी हालवतो, कुशीवर करतो, तवा सुरू होते. पंधरा सालं झाले. तुमाले एकदा सांगतलं होतं, तं तुमी हासले. मानूस काय स्वतःचा श्वास विसरते का म्हनले. पुरावा काय म्हनले."

"मंग नोटीस देल्ली तवा काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय? आवाज बांगड्याचा नाई, हाताचा हाय म्हटलं असतं, तं तुमी मले दुसऱ्या खोलीत झोपवलं असतं." बाईंचा आवाज तोवर चांगला होता. इथे तो फुटला. "आठ दिसाचं म्हनून गेलती मी. आठ दिस गाठी पुरतीन म्हटलं. न मंग ते पानी उतरेच नाई. तिकडं पोरगी माह्या मांडीवर झोपे, न मी आपली बसून राहो."

शेजारी उठून अंगणात गेला. साडभाऊंनी बाईंना जे विचारलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं, पण तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "एका रात्री किती वेळा?"

"मोजले नाई मी," बाई म्हणाल्या. "मोजत बसली असती, तं हालवलं कोनं असतं?"

पुढचं सगळं चंद्रपूरला झालं; मीही सोबत गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी साडभाऊंच्या डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून एक रात्र झोपवलं आणि सकाळी जो कागद काढला तो पाहून त्या साडभाऊंशी नाही, आधी बाईंशी बोलल्या. रोगाला नाव होतं, इलाज होता. नाकावर लावून झोपायचं एक यंत्र मिळालं, रात्रभर हवा देणारं. साडभाऊंनी अहवालाची प्रत मागून घेतली, कारण त्यात नऊ पानं होती आणि चार आलेख. परतीच्या गाडीत त्यांनी तो उघडला. मला वाटलं, आता नागभीडपर्यंत जिवंत साठा आणि मृत साठा. पण श्वास बंद असल्याच्या वेळांची एक लांब यादी होती तिसऱ्या पानावर, सेकंदांसह. त्यावरून त्यांचं बोट खाली खाली गेलं, पानाच्या तळाशी थांबलं, आणि त्यांनी तो कागद मिटून पिशवीत ठेवला. त्यांच्या बाजूला बाई खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसल्या होत्या.

पुढच्या एक तारखेला मी दहा वाजता गेलो. शेजारीही आला. दाराशी साडभाऊ उभे होते, तोंडावर बोट ठेवून. चेहऱ्यावरची सूज गेली होती, डोळे स्वच्छ होते. आम्हाला हाताने थोपवून ते कुजबुजले, "आज बैठक नाई. ती झोपली हाय."

सकाळी दहा वाजता बाई झोपल्या आहेत, हे आम्हाला खरं वाटेना. पहाटे पाचनंतर त्या घरात कुणी त्यांना आडवं पाहिलेलं नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. समोरच्या खोलीत खाटेवर त्या कुशीवर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, केस विस्कटलेले, एखाद्या थकल्या पोरीसारख्या. शेजाऱ्याच्या चपलेचा जरा आवाज झाला. त्यांची झोप मोडली नाही, पण एक हात हलला. तो खाटेवर शेजारच्या रिकाम्या जागेवर गेला आणि तिथे थोपटू लागला, हलवू लागला. काही सापडलं नाही तसा जोरात.

साडभाऊंनीही ते पाहिलं. ते पावलं न वाजवता आत गेले, खाटेच्या कडेला जरा अवघडून बसले आणि आपला खांदा त्या हाताखाली दिला. हाताने एकदा, दोनदा हलवलं. साडभाऊंनी मोठ्याने, आम्हाला दारापर्यंत ऐकू यावा असा, श्वास घेतला. मग हात थांबला आणि तिथेच राहिला.

आम्ही दोघं अंगणाबाहेर आलो आणि फाटक हळूच लावून घेतलं.